वर्गातलं सगळ्यात कच्चं मूल कुठं बसतं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही कराडजवळच्या गावात राहता. मुलगा सात वर्षांचा, शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत आहे. सकाळी सव्वासातला व्हॅन दारात येते. दिवाळीपासून रोज सकाळी त्याचं पोट दुखतं, मग रडारड. प्रगतिपुस्तकात मात्र सगळीकडं ‘अ’ श्रेणी, आणि घरी एक ओळ धड वाचून दाखवत नाही. गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. पट ३८, शिक्षक दोन. सासूबाई म्हणतात तिथं घाला, मिस्टर म्हणतात लोक काय म्हणतील. आणि तुम्ही विचारताय, शाळा चांगली का वाईट हे आपल्यासारख्यानं ओळखायचं कशावरून?

मी ३२ वर्षं प्राथमिक शाळांत काढली. पहिली नऊ पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर, एसटीतून उतरल्यावर पाऊण तास चढायचं अशा ठिकाणी, आणि शेवटची अकरा केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा. शेकडो वर्गांत मागं बसून पाहिलं. त्यावरून सांगतो.

माध्यम, इमारत, फी हे सगळं जरा बाजूला ठेवा. पहिल्यांदा पोट.

सकाळचं पोटदुखणं हे नाटक आहे असं कुणीही म्हणू देत, तुम्ही तसं धरून चालू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. जंत झालेत का, शौचाला रोज होतं का, एवढं तरी कळेल. मग दोन आठवडे एका कागदावर नुसती नोंद ठेवा: कुठल्या वारी दुखलं, रविवारी दुखलं का, व्हॅन निघून गेल्यावर किती वेळात थांबलं. एखाद्या ठरावीक वारीच दुखत असेल तर त्या वारचं वेळापत्रक बघा. एका मुलीला फक्त गुरुवारी ताप यायचा, तो श्रुतलेखनाचा दिवस होता.

आणि एक साधी गोष्ट, जी बहुतेक घरांत सुटते. सव्वासातच्या व्हॅनसाठी पोरगं साडेसहाला उठतं, दूध पिऊन निघतं, संडासला बसायला त्याला वेळच मिळत नाही. शाळेत त्याला जायचं नसतं, किंवा जाऊ देत नाहीत, किंवा तिथं वास मारतो. दुपारी दीडपर्यंत ते धरून ठेवतं. असं महिनाभर चाललं की पोट दुखणारच. राज्य शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं काढलं, ते मुलांच्या झोपेसाठी. तुमची शाळा अजून सव्वासातला व्हॅन पाठवत असेल, तर पालकांच्या बैठकीत हे विचारायला हरकत नाही.

त्याची पाण्याची बाटली रोज घरी आल्यावर उचलून बघा. भरलेली येते का? हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेही माझ्याच चुकीतून. माझ्या केंद्रातल्या एका शाळेत पाहणीला गेलो, तर मुलींचं स्वच्छतागृह आरशासारखं. मी शेरेपुस्तकात तसं कौतुकानं लिहिलंसुद्धा. पुढं मार्चमध्ये, ऊन तापलेलं, अडीच वाजता तिसरीच्या वर्गात बसलो होतो. खिडकीच्या कट्ट्यावर बाटल्यांची ओळ, सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. जवळच्या मुलीला विचारलं, “पाणी का पीत नाहीस गं?” ती म्हणाली, “पाणी पिल्यावर जावं लागतं.” “मग?” “किल्ली बाईंच्याकडं असती.” स्वच्छतागृह स्वच्छ होतं कारण त्याला कुलूप होतं. माझा शेरा अजून त्या वहीत असेल.

म्हणून कुठल्याही शाळेत गेलात तर तिथलं स्वच्छतागृह मधल्या सुट्टीनंतर बघा, सकाळी नाही. आत ओलं दिसलं, बादलीत पाणी दिसलं, चपलांचे ठसे दिसले तर ते चांगलं लक्षण आहे, वापर आहे. कोरडं ठणठणीत दिसलं तर किल्ली कुणाकडं असते ते विचारा.

आता वाचण्याचं. ‘अ’ श्रेणी आणि वाचता येत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सात वर्षांच्या मुलाची पाठांतराची ताकद अफाट असते. पाठ्यपुस्तकातलं पान तो चित्रावरून ‘वाचतो’. घरी तपासायचं असेल तर पुस्तक मिटा. त्यानं कधी न पाहिलेला चार-पाच सोप्या ओळींचा मजकूर तुमच्या हातानं लिहा, त्याच्या घरातल्या गोष्टींचा: म्हशीचा, आजीचा, कॅनॉलचा. बोट ठेवून वाच म्हणा. मग मधलाच एखादा शब्द दाखवा आणि हा कोणता, विचारा. मग वाचलेल्यावर एक प्रश्न. ‘असर’ची जी पाहणी देशभर घरोघरी जाऊन होते, तिची पद्धतही अशीच सरळ असते: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठं अडकतं एवढंच बघायचं. रागवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, चेहरासुद्धा पाडायचा नाही. तुम्ही परीक्षक झालात की त्याचं पोट पुन्हा दुखणार.

दोन्ही भाषांत करा. मराठीत वाचता आलं आणि इंग्रजीत नाही, तर घाबरायचं कारण नाही, वाचणं म्हणजे काय हे त्याला समजलंय. ज्या भाषेत मूल भांडतं त्या भाषेत त्याला वाचता येऊ लागलं, की दुसऱ्या भाषेचं दार उघडायला वेळ लागत नाही. दोन्हीकडं अक्षरं जुळवताच येत नसतील तर तो पाया राहून गेलाय. दुसरीचं वर्ष असताना हे कळलं हे बरंच झालं. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाची सगळी धडपड तिसरीपर्यंत वाचन आणि साधी आकडेमोड पक्की व्हावी एवढ्याचसाठी आहे. चौथीत पोचलेलं न वाचणारं मूल लपायला शिकलेलं असतं.

गणिताचंही एक सांगतो, कारण शिक्षक कसा आहे हे मला वजाबाकीत सगळ्यात लवकर कळतं. ५२ मधून २७ वजा करा. वर्गातली पाचसहा मुलं हमखास ३५ लिहितात. का? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहानातून मोठं जात नाही म्हणून त्यांनी मोठ्यातून लहान काढलं. त्यांच्या दृष्टीनं हिशेब बरोबर आहे. एक शिक्षक यावर लाल फुली मारतो आणि खाली ‘२५, तीन वेळा लिही’ असं लिहितो. पोरगं तीन वेळा लिहितं आणि उद्या पुन्हा ३५. दुसरा शिक्षक काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवतो. “यातल्या मला सत्तावीस दे.” मूल दोन गठ्ठे उचलून देतं. मग सुट्या सात द्यायला जातं, तर दोनच. थांबतं. गठ्ठ्याच्या रबराकडं बघतं, गुरुजींकडं बघतं. “सोडू?” असं विचारतं. गुरुजी काही बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. त्या ‘सोडू?’साठी काही वेळा दहा मिनिटं वाट बघावी लागते, आणि वाट बघणारा शिक्षक असला की मला तिथून उठावंसं वाटायचं नाही.

तुमच्या मुलाची यात आणखी एक अडचण असणार. घरी तो ‘बावन्न’ ऐकतो, शाळेत ‘फिफ्टी टू’. आपल्या मराठीत आधी दोन बोलतो आणि मग पन्नास, लिहिताना मात्र आधी पाच. त्यामुळं ५२ चे २५ होणं हे आपल्याकडच्या पोरांचं नेहमीचंच दुखणं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘पन्नास दोन’ असं म्हणायचा पर्याय दिला, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल. लोकांनी विनोद केले. पहिली-दुसरी शिकवलेल्या आम्हा बऱ्याच जणांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

आता शाळा बघायला कसं जायचं. स्नेहसंमेलनाला, १५ ऑगस्टला, प्रवेशाच्या दिवसांत जाऊ नका. मधल्याच एखाद्या मंगळवारी अकरा-साडेअकराला जा. फलक, रंगवलेल्या भिंती, स्मार्ट टीव्ही यांच्याकडं ओझरतं बघा. एखाद्या वर्गाच्या वह्या मागा. सगळ्या वह्यांत तीच वाक्यं, तेच अक्षर सुंदर आणि एकही चूक नाही, तर ती फळ्यावरून उतरवून घेतलेली आहेत. चुका असलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली, आणि त्यावर शिक्षकानं काहीतरी खरंच वाचून केलेली खूण असलेली वही मला जास्त भरवशाची वाटते.

मग वर्गातलं सगळ्यात कच्चं मूल शोधा. सोपं असतं, ते दारापाशी किंवा शेवटच्या ओळीत भिंतीकडेला असतं. हुशार पोरं कुठल्याही शाळेत शिकतात, त्यांच्यावरून शाळेची परीक्षा करण्यात अर्थ नाही. शिष्यवृत्तीत आलेल्यांचे फोटो चौकात लावतात, त्यातून तुम्हाला तीन-चार घरं कळतील, शाळा कळणार नाही. त्या कच्च्या मुलाला तासाभरात किती वेळा हाक मारली जाते, चुकल्यावर बाकीचे हसतात का आणि हसले तर बाई काय करतात, तेवढं बघा. आणि शिक्षकांना एकच प्रश्न विचारा: “तुमच्या वर्गात अजून वाचता न येणारी मुलं किती?” चांगला शिक्षक नावं सांगतो, कोण कुठं अडकलंय ते सांगतो, कधी कधी अर्धा तास सांगतो. “आमचे सगळे हुशार आहेत” म्हणणाऱ्यापासून सावध. “पालकच लक्ष देत नाहीत” म्हणणाऱ्यापासून जास्त सावध.

एका हंगामाची गोष्ट आठवते. नोव्हेंबरात कारखाना सुरू झाला, गावाबाहेर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या. बीडकडचा एक मुलगा तिसरीत आणून बसवला. हजेरीत नाव लागलं, जागा मिळाली दाराजवळ. दोन आठवडे तो काही बोलला नाही. पाहणीच्या वेळी वर्गशिक्षिका मला हळूच म्हणाल्या, “सर, याला काहीच येत नाही.” त्यांनाच पुढं काय सुचलं कुणास ठाऊक, एक दिवस त्यांनी त्याला विचारलं, काल आईनं वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) किती पेंढ्या विकल्या? त्यानं संख्या सांगितली, भाव सांगितला, एकाचे पैसे अजून यायचेत हेही सांगितलं. सगळं तोंडी, एका दमात. लिहायला सांगितलं तर हातात खडू नुसता फिरत राहिला. म्हणजे हिशेब त्याच्याकडं होता, लिहिणं तेवढं नव्हतं. बाईंनी मग पेंढ्यांवरूनच पाढे घेतले, आणि जागा बदलून त्याला पुढं बसवलं. एप्रिलमध्ये कारखाना बंद झाला आणि ते बिऱ्हाड गेलं. पुढं काय झालं मला माहीत नाही.

आपल्या साताऱ्यात ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिवस होतो, कारण १९०० साली त्या तारखेला डॉ. आंबेडकरांचं नाव इथल्या शाळेत दाखल झालं, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये. वर्गात कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपाई नसला तर पाणीही मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या दिवशी आम्ही भाषणं छान करतो. भाषण ऐकताना दाराजवळ कोण बसलंय तिकडं मान वळवायचं मात्र राहून जातं.

मारण्याबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, २०१० पासून. पट्टी बऱ्यापैकी गेली, हे खरं. ‘ढ’, ‘बिनडोक’, ‘तुझ्या बापाची फी वाया’ हे गेलेलं नाही. वर्गाबाहेर उभं करणं, एकाची वही सगळ्यांना दाखवून हसवणं, हेही त्यातच येतं. तुमच्या मुलाला सरळ “शाळेत कोण मारतं का?” असं विचारू नका, नाही म्हणेल. झोपताना शाळा-शाळा खेळा, त्याला सर होऊ द्या, तुम्ही विद्यार्थी. तो तुम्हाला ज्या शब्दांत रागवेल ते शब्द त्यानं कुठून तरी आणलेले असतात. (घरातूनही आणलेले असू शकतात, तेही ऐकून घ्या. जाऊबाईंच्या मुलांशी तुलना चालू असेल तर आजच थांबवा.) काही गंभीर कानावर आलं, अंगाला हात लावण्यासारखं, तर शाळेची समजूत काढत बसू नका, १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

गावच्या शाळेविषयी. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हे कायद्यानुसारच आहे, ३८ ला दोन म्हणजे संख्या वाईट नाही. पण चार इयत्ता, दोन खोल्या. एक शिक्षक एकाच वेळी दोन वर्ग सांभाळणार. हे नीट जमणाऱ्यांच्या हातात फार सुंदर जमतं: तिसरीचं पोर पहिलीच्या पोराला वाचून दाखवतं, आणि दोघं शिकतात. आपल्या जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे कुमठे भागातल्या शाळांचा गट, बघायला राज्यभरातून शिक्षक यायचे ते उगाच नाही, जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून पोरं स्वतः शिकताना मीही पाहिलीत. न जमणाऱ्याच्या हातात मात्र अर्धा वर्ग दिवसभर ‘लिहून काढा’ करत बसतो. म्हणून तिथं गेलात की दुसऱ्या खोलीत काय चाललंय ते बघा, शिक्षक ज्या खोलीत नाही तिथं.

दोघांपैकी एक जण बैठकीला, प्रशिक्षणाला, मतदार यादीच्या कामाला किती दिवस जातात हे शेजारच्या आयांना विचारा. त्या बरोबर सांगतील. आणि दोघांची बदली कधी आहे तेही विचारा. हे कुणी उघड बोलत नाही, पण लहान शाळा एका माणसावर उभी राहते आणि त्याच्या बदलीनं तीन महिन्यांत बसते. मी दोन्ही पाहिलंय. तुमच्या मुलाची तिथं फार तर दोन-अडीच वर्षं जायची आहेत, तेवढ्यापुरतं बघा.

खिचडीच्या वेळेला थांबा. प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं असा नियम आहे, पण तुम्ही आकडे मोजू नका. डाळ दिसते का, वाढण्याआधी शिक्षक चव घेतात का, पुन्हा मागायला मूल बिचकतं का, पंगतीत कोण कुणाशेजारी बसतं, हे बघा. शाळेतल्या माणसांचं एकमेकांशी कसं आहे ते त्या पंधरा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशात कळत नाही.

तुमच्या मिस्टरांचं ‘लोक काय म्हणतील’ मी हसण्यावारी नेत नाही. भावाची मुलं व्हॅननं जातात आणि आपला पोरगा चालत, हे एकत्र घरात टोचतं. त्यांना घेऊनच दोन्ही शाळा बघा, त्यांच्याच डोळ्यांनी दिसू द्या.

माझं मत विचाराल तर लगेच शाळा बदलू नका. आधी सध्याच्या वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा, गेटवर नाही, वेळ घेऊन. तक्रार म्हणून नको. “बाई, हा घरी एवढंच वाचतो, तुमच्याकडं किती वाचतो?” एवढंच विचारा, आणि तुम्ही लिहिलेला मजकूर समोर ठेवा. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात त्या बाईही गुदमरलेल्या असतात, आणि श्रेणी कशा भरायच्या हे बऱ्याचदा वरून ठरतं. दोन महिने द्या. त्यांनी काही वेगळं केलं, पोट थांबलं, तर राहू द्या तिथंच. “सगळं ठीक आहे, तुम्हीच काळजी करता” असं उत्तर आलं, तर मे महिन्यात निर्णय घ्या.

खासगी शाळेतून सरकारी शाळेत जाताना दाखल्यावरून अडवणूक झाली तर शिक्षण हक्क कायद्याचं ५ वं कलम लक्षात ठेवा: दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. गावच्या शाळेत घातलंच तर शाळा व्यवस्थापन समितीत जा. तीनचतुर्थांश पालक असतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असाव्या लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या जागांवर नुसत्या सह्या असतात. पहिल्या बैठकीत अनुदान, रंगरंगोटी वगैरे विषय निघतील. तुम्ही स्वच्छतागृहाच्या किल्लीचं विचारा.

आणि मंगळवारी शाळा बघायला जाताना आधी फोन करू नका.